न विरघळणारा रेणू आणि मूठभर पेशी: अल्फा-गॅलसरने एनकेटी पेशी वाढवताना

अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड, प्रयोगशाळेच्या बोलीत अल्फा-गॅलसर, हा रेणू हाती घेतला की पहिली गाठ इम्युनॉलॉजीशी पडत नाही, विरघळवण्याशी पडते. एक मिलिग्रॅमची कुपी उघडली तर काचेला चिकटलेला पांढरा पापुद्रा दिसतो. त्यावर पाणी घाला, पीबीएस (पेशींना मानवणारं क्षारद्रावण) घाला, पापुद्रा तसाच तरंगत राहतो. हा रेणू एनकेटी पेशींना, म्हणजे रक्तातल्या टी पेशींच्या एका दुर्मिळ प्रकाराला, जागं करतो आणि त्या कर्करोगाविरुद्ध उभ्या राहतात, हे लेखांमध्ये एका ओळीत संपतं. तेच प्लेटमध्ये खरं करून दाखवायला दोन ते तीन आठवडे जातात. त्यात काय करावं लागतं, कुठे घसरतं आणि का घसरतं, ते आम्ही रोज करतो त्या क्रमाने इथे लिहितो आहोत.

रेणूची घडण आधी. डोक्याला गॅलॅक्टोज साखर, खाली दोन मेदशृंखला: एक २६ कार्बनची ॲसिल शृंखला, दुसरी १८ कार्बनचं फायटोस्फिंगोसीन. रेणुभार ८५८. आपल्या काही पेशींच्या पृष्ठभागावर सीडी१डी नावाचं प्रथिन असतं. त्याच्या दोन खोल खाचांत या शृंखला बसतात आणि साखर तेवढी वर राहते. वर राहिलेली ती साखर एनकेटी पेशीचा रिसेप्टर ओळखतो. नेहमीच्या टी पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखतात, या पेशी मेद ओळखतात. शिवाय यांचा रिसेप्टर माणसामाणसांत जवळपास एकाच घडणीचा असतो, व्हीअल्फा२४ आणि व्हीबीटा११ ही जोडी. त्यामुळे एकच रेणू कुणाच्याही रक्तावर वापरता येतो, एचएलए (ज्यावरून माणसामाणसांच्या ऊती वेगळ्या ठरतात ती प्रथिनं) जुळवत बसावं लागत नाही. या विषयात इतकी वर्षं माणसं टिकून आहेत ती याच गुणामुळे.

मूळ रेणू समुद्रातून आले. ओकिनावाजवळच्या ॲगेलास मॉरिशियानस या स्पंजातून जपानच्या किरिन ब्रुअरीतल्या संशोधकांनी उंदरांतल्या गाठींवर परिणाम करणारे मेद वेगळे केले. त्यांचं वर्णन १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. स्पंजातून मिळणारं प्रमाण नगण्य, म्हणून रचना थोडी सोपी करून कृत्रिम रेणू बनवला, तो केआरएन७०००. आज अल्फा-गॅलसर म्हणून विकत मिळतो तो हाच. तो सीडी१डीवर बसून एनकेटी पेशींना चेतवतो हे १९९७ मध्ये चिबा विद्यापीठातल्या तानिगुची यांच्या गटाने दाखवलं.

रेणू स्वतः बनवणार असाल किंवा रसायनशास्त्राच्या विभागातल्या कुणाकडून घेणार असाल, तर एक गोष्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय पेशींना हात लावू नका: साखरेचा बंध अल्फा आहे की बीटा, म्हणजे साखर मेदाला कोणत्या दिशेने जोडली आहे. साखर जोडण्याच्या पायरीत दोन्ही प्रकार तयार होऊ शकतात आणि वेगळे करायला त्रास देतात. एनएमआरमध्ये (अणूंच्या चुंबकी संकेतांवरून रचना वाचणाऱ्या तंत्रात) साखरेच्या पहिल्या कार्बनवरच्या हायड्रोजनचा कपलिंग स्थिरांक बघायचा. अल्फा असेल तर तो ४ हर्ट्झच्या आसपास येतो, बीटा असेल तर ७ ते ८. नमुना पिरिडीन-डी५ मध्ये घ्या, क्लोरोफॉर्म एकट्याने तो धड विरघळवत नाही आणि रेषा पसरट येतात. पेशी या फरकाबद्दल फार काटेकोर असतात. बीटा प्रकारच्या मेदांची म्हणून जी क्रियाशीलता काही काळ मोजली गेली, तिचा मोठा भाग नमुन्यातल्या किंचित अल्फा अंशामुळे होता असं पुढे दिसून आलं. इतक्या कमी प्रमाणात हा रेणू काम करतो. तेव्हा बीटा प्रकार कंट्रोल म्हणून लावताना त्यात अल्फाचा लवलेश नाही याची खात्री करून घ्यावी लागते, नाहीतर कंट्रोलच सकारात्मक येतो आणि सगळे बुचकळ्यात पडतात.

आता विरघळवणं. एक मिलिग्रॅमला एक मिलिलिटर कोरडा, पेशींसाठीच्या दर्जाचा डीएमएसओ हा द्रावक. काचेची कुपी, टेफ्लॉनच्या अस्तराचं झाकण. वॉटर बाथ ८० अंशांवर, त्यात कुपी पाच ते दहा मिनिटं, मग लगेच बाथ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या यंत्रात) पाच मिनिटं, पुन्हा ८० अंश. द्रावण उजेडासमोर धरून तिरपं करायचं; तळाशी धूसर रेघ हलताना दिसली तर अजून विरघळलेलं नाही. पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत हे चालू ठेवायचं. गरम डीएमएसओ त्वचेतून आत जातो आणि सोबत विरघळलेलं सगळं घेऊन जातो, म्हणून हातमोजे दुहेरी.

हे द्रावण २० मायक्रोलिटरच्या छोट्या हिश्श्यांत, काचेच्याच लहान कुप्यांत, उणे २० अंशांवर ठेवतो. डीएमएसओ साडेअठरा अंशांना गोठतो, त्यामुळे एसी १६ वर असलेल्या खोलीत तो बाकावरही खोबरेल तेलासारखा थिजतो. तो वितळला म्हणजे रेणू विरघळला असं नाही. डीएमएसओ पुन्हा पातळ होतो तेव्हा रेणू बऱ्याचदा बारीक कणांच्या रूपात खालीच बसलेला असतो. प्रत्येक वापराआधी ८० अंश आणि सोनिकेटर हा क्रम पुन्हा करावाच लागतो. हा टप्पा गाळला की वरचं स्वच्छ द्रव पिपेटमध्ये येतं, पेशींना जवळजवळ नुसता डीएमएसओ मिळतो, आणि चौदाव्या दिवशी निष्कर्ष निघतो की दात्याच्या पेशीच प्रतिसाद देत नाहीत. बिचाऱ्या पेशींपर्यंत काही पोचलेलंच नसतं. प्लॅस्टिकच्या नळीत पातळ द्रावण ठेवलं तरी असंच होतं, मेद भिंतीला चिकटतो.

पातळ करताना दोन पायऱ्या घ्या. ३७ अंशांना गरम केलेल्या, सीरम (रक्तद्रव) घातलेल्या मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, आधी १:१००, म्हणजे मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम. हेही काचेत, वॉर्टेक्स करून (यंत्रावर घुसळून), लगेच वापरायचं, साठवायचं नाही. यातले २० मायक्रोलिटर दोन मिलिलिटरच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) टाकले की शेवटचं प्रमाण मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम होतं आणि डीएमएसओ ०.०१ टक्का राहतो. शेजारच्या वेलमध्ये तेवढाच डीएमएसओ, त्याच मीडियातून. हा कंट्रोल नसेल तर पुढचं काही मोजण्यात अर्थ नाही.

रक्ताबद्दल. संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि दात्याची लेखी संमती हातात आल्यावर हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळ्यांत ५० मिलिलिटर घेतो. नमुना खोलीच्या तापमानाला ठेवा. बर्फात घालून पाठवलेलं रक्त आम्ही परत करतो, कारण थंड किंवा शिळ्या रक्तातले ग्रॅन्युलोसाइट (नको असलेल्या पांढऱ्या पेशी) हलके होऊन लिम्फोसाइटच्या (टी पेशी ज्यांत येतात त्या पांढऱ्या पेशींच्या) थरातच अडकतात आणि पुढे पूर्ण कल्चर बिघडवतात. रक्त पीबीएसने निम्मं पातळ करायचं. ५० मिलिलिटरच्या नळीत १५ मिलिलिटर फायकॉल (पेशी वेगळ्या करणारा जड द्रव), घनता १.०७७, आणि त्यावर नळी तिरपी धरून ३० मिलिलिटर पातळ रक्त भिंतीवरून ओघळू द्यायचं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी (गुरुत्वाच्या ४०० पट), ३० मिनिटं, २० अंश, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थांबताना भोवरा होतो आणि पांढरी रिंग विस्कटते. फायकॉल फ्रिजमधून काढून थेट वापरू नका; थंड असताना ते जास्त घन असतं आणि लाल पेशी, ग्रॅन्युलोसाइट वरच रेंगाळतात.

रिंग काढून पीबीएसने दोनदा धुवायची, पहिल्यांदा ३०० जी, दुसऱ्यांदा २०० जी म्हणजे प्लेटलेट वर राहून ओतल्या जातात. ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशीच रंगवणाऱ्या रंगाने) मोजणी. एका मिलिलिटर रक्तातून साधारण दहा ते वीस लाख पेशी मिळतात, म्हणजे ५० मिलिलिटरमधून पाच ते दहा कोटी.

हा आकडा ऐकायला मोठा आहे, पण आपल्याला हव्या त्या पेशी त्यात किती? पाच कोटींपैकी ६० टक्के टी पेशी धरल्या तर तीन कोटी. एनकेटी पेशी टी पेशींच्या ०.०१ ते ०.१ टक्का असतात. ०.०५ धरलं तर पंधरा हजार, ०.०१ धरलं तर फक्त तीन हजार. काही दात्यांत याहूनही कमी, आणि कर्करोगाच्या रुग्णांत अनेकदा निरोगी माणसापेक्षा कमी आढळतात. उंदराच्या यकृतात लिम्फोसाइटपैकी २० ते ३० टक्के याच असतात, त्यामुळे उंदरावरून माणसाचा अंदाज बांधणारे इथे हमखास चुकतात. पेशी धुताना एखादी नळी सांडली तर बाकी कामात चालतं, इथे चालत नाही.

पहिल्याच दिवशी निम्म्या पेशी गोठवून ठेवा, ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओमध्ये. दुसऱ्या चेतवणीला त्याच दात्याच्या पेशी लागतात आणि दाता दोन आठवड्यांनी पुन्हा सापडेलच असं नाही.

उरलेल्या पेशी आरपीएमआय १६४० या मीडियात, १० टक्के सीरम, २ मिलिमोलर ग्लुटामिन, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन. २४ वेलच्या प्लेटमध्ये दर मिलिलिटरला दहा ते वीस लाख, एका वेलमध्ये दोन मिलिलिटर. सीरमचा लॉट आधी तपासलेला असावा. सीरममध्ये स्वतःचे मेद असतात आणि एका लॉटवर उत्तम वाढलेल्या पेशी दुसऱ्यावर निम्म्याही वाढत नाहीत. चांगला लॉट सापडला की पुढच्या वर्षभराचा साठा घेऊन ठेवतो.

अल्फा-गॅलसर पहिल्या दिवशी, आयएल-२ (पेशींना वाढायला लावणारं संदेशक प्रथिन) तिसऱ्या दिवशी. आयएल-२ सुरुवातीपासून भरपूर घातलं तर एनके पेशी (नैसर्गिक मारक पेशी, एनकेटीहून वेगळ्या) आणि इतर टी पेशी आधी फोफावतात आणि आपल्या मूठभर पेशी गर्दीत हरवतात. आम्ही मिलिलिटरला ५० युनिट ठेवतो. दर दोन-तीन दिवसांनी वरचा एक मिलिलिटर अलगद काढून १०० युनिटचा ताजा मीडिया घालायचा. जुनं आयएल-२ पेशींनी संपवलेलं असलं तरी सरासरी ५० राहते. अल्फा-गॅलसर मात्र मीडिया बदलताना पुन्हा घालायचं नाही. मीडिया पिवळा पडायला लागला तर दिवसाची वाट न बघता एक वेल दोन वेलमध्ये वाटायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पेशींचे घोस दिसायला हवेत, कडा खडबडीत, भोवती लांबट, फुगलेल्या पेशी. डीएमएसओच्या वेलमध्येही तसेच घोस असतील तर आनंद मानू नका. दोन कारणं संभवतात: सीरम, नाहीतर एंडोटॉक्सिन. जिवाणूंच्या भिंतीतलं हे एंडोटॉक्सिन मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना आयएल-१२ हे संदेशक प्रथिन सोडायला लावतं आणि त्या आयएल-१२ वर एनकेटी पेशी अल्फा-गॅलसरशिवायही चेततात. हाताने बनवलेल्या रेणूच्या प्रत्येक बॅचची एलएएल चाचणी (एंडोटॉक्सिन शोधणारी) आम्ही यासाठीच करतो. दुसरा भक्कम पुरावा म्हणजे सीडी१डी रोखणारी अँटिबॉडी, क्लोन ५१.१ किंवा ४२.१, मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, रेणूच्या आधी अर्धा तास. प्रतिसाद कोसळला तर तो सीडी१डीमार्गे आलेला होता. कोसळला नाही तर आपण दुसरंच काही मोजत होतो.

घाईने फ्लो सायटोमेट्री (रंगवलेल्या पेशी लेझरसमोरून एकेक करून मोजणं) करणाऱ्यांना एक इशारा. चेतवल्यानंतर पहिल्या दिवशी या पेशी आपला रिसेप्टर आत ओढून घेतात. टेट्रामर, म्हणजे मेद भरलेल्या चार सीडी१डींचा रंगीत जुडगा, त्याच रिसेप्टरला चिकटतो, म्हणून पेशी जिवंत असून दिसत नाहीत. उंदरांत इंजेक्शननंतर एनकेटी पेशी मरून जातात असं काही काळ मानलं गेलं, त्याचं बरंचसं कारण हेच होतं. शून्य दिवस (रेणू घालण्याआधी), सातवा आणि चौदावा, एवढंच बघा.

रंगवण्यासाठी सीडी३ (टी पेशींची खूण), एनकेटीचा रिसेप्टर ओळखणारी ६बी११ अँटिबॉडी किंवा पीबीएस-५७ भरलेला सीडी१डी टेट्रामर, मृत पेशींचा रंग, आणि सीडी१४, सीडी१९ (मोनोसाइट आणि बी पेशींच्या खुणा) एका वाहिनीत वगळण्यासाठी. पीबीएस-५७ हे अल्फा-गॅलसरचंच भावंड. साखरेवर एक ॲसिटामाइड गट आणि मेदशृंखलेत एक दुहेरी बंध असल्यामुळे ते जास्त सुखाने विरघळतं. ते भरलेला टेट्रामर अमेरिकेच्या एनआयएचच्या टेट्रामर केंद्राकडून संशोधकांना मिळतो. त्यासोबत रिकामा टेट्रामर मागवायला विसरू नका. शून्य दिवशी दहा लाख पेशी फ्लोवर चालवल्या तर सहा लाख टी पेशींत ०.०१ टक्का म्हणजे साठ ठिपके. रिकाम्या टेट्रामरवर चाळीस ठिपके येत असतील तर त्या साठाला काहीही किंमत उरत नाही. दर वेळी पन्नास हजार पेशी चालवून थांबायची सवय इथे सोडावीच लागते.

चौदाव्या दिवशी टक्का कुठे पोचतो ते दात्यावर ठरतं. कुणाचा १, कुणाचा ३० च्या पुढे. कमी आला तर दुसरी चेतवणी: गोठवलेल्या स्वतःच्याच पेशी उकलून, अल्फा-गॅलसरसोबत काही तास ठेवून, ३० ग्रे किरणोत्सार देऊन मिसळायच्या. इर्रेडिएटर नसेल तर मायटोमायसिन-सी, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम, ३७ अंश, अर्धा तास, मग तीनदा कसून धुणं. धुण्यात हयगय झाली तर उरलेलं मायटोमायसिन आपल्याच पेशींना थांबवतं. तिसरी-चौथी चेतवणी करत सुटू नये. पेशी वाढतात, पण प्रत्येक फेरीत त्यांचा स्वभाव बदलतो, सीडी४ असलेल्या आणि नसलेल्यांचं प्रमाण हलतं आणि इंटरफेरॉन (इतर प्रतिकारपेशींना उठवणारं प्रथिन) घसरू लागतं.

माणसांवर हा रेणू थेट दिला तेव्हाही पेशी मूठभर असण्याची हीच अडचण मोठ्या रूपात पुढे आली. ॲम्स्टरडॅममध्ये २४ रुग्णांना तो शिरेतून दिला गेला. अहवाल २००२ चा. मात्रा दर चौरस मीटरला ५० ते ४८०० मायक्रोग्रॅम. सहन होण्यात अडचण आली नाही, पण २४ तासांत रक्तातून एनकेटी पेशी दिसेनाशा झाल्या, आणि गाठ आकसल्याचं एकाही रुग्णात दिसलं नाही. ज्यांच्यात मुळात या पेशी जास्त होत्या त्यांच्यातच प्रतिकारशक्तीचा काही प्रतिसाद मोजता आला. उंदरांत मोकळा रेणू एकदा शिरेतून दिला की या पेशी कित्येक आठवडे थंड पडतात. तोच रेणू डेंड्रायटिक पेशींवर (इतर प्रतिकारपेशींना लक्ष्य दाखवणाऱ्या पेशींवर) चढवून दिला तर तशा थंड पडत नाहीत. चिबाच्या गटाने फुप्फुसाच्या कर्करोगात म्हणूनच रुग्णाच्याच पेशींवर अल्फा-गॅलसर चढवून त्या परत दिल्या. १७ रुग्णांपैकी ज्या १० जणांत इंटरफेरॉन गॅमा बनवणाऱ्या पेशी वाढल्या, ते इतरांपेक्षा जास्त जगले. अभ्यास लहान, पण दिशा दाखवणारा.

हे वाचून रुग्णांचे नातेवाईक विचारतात की हे औषध कुठे मिळेल. स्पष्ट सांगतो: अल्फा-गॅलसर हे कर्करोगावरचं मान्यताप्राप्त औषध नाही. संशोधनासाठी विकली जाणारी कुपी कोणत्याही परिस्थितीत शरीरात घ्यायची नाही. प्रतिकारशक्ती चेतवणारं, मान्यता मिळालेलं कृत्रिम संयुग हवं असेल तर इमिक्विमॉड आहे, टीएलआर७ या प्रतिकारपेशींतल्या रिसेप्टरमार्गे काम करणारं मलम. वरवरच्या बेसल सेल कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. तेही त्वचेपुरतं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेली, २०२३ मध्ये मान्यता मिळालेली नेक्सकार१९ (रक्ताच्या कर्करोगावरचा पेशी-उपचार) ही वेगळी वाट आहे. तिथे टी पेशीत नवं जनुक घालतात, इथे जनुकाला हात लावत नाही.

पुन्हा प्लेटकडे. साइटोकाइन (पेशी सोडतात ती संदेशक प्रथिनं) मोजायला वरचं द्रव २४ आणि ४८ तासांना काढतो, इंटरफेरॉन गॅमा आणि आयएल-४ दोन्ही. एकटं इंटरफेरॉन मोजून समाधान मानू नये. या पेशी दोन्ही सोडतात आणि रेणूतला लहानसा बदल तोल फिरवतो: शृंखला आखूड केलेलं ओसीएच हे भावंड आयएल-४ कडे झुकतं, साखरेच्या बंधातला ऑक्सिजन काढून तिथे कार्बन घातलेला प्रकार उंदरांत इंटरफेरॉनकडे. कर्करोगासाठी आपल्याला दुसरी बाजू हवी असते. इंटरफेरॉनमुळे एनके पेशी आणि मारक टी पेशी कामाला लागतात, डेंड्रायटिक पेशी आयएल-१२ देऊ लागतात. बहुतेक घट्ट गाठींवर सीडी१डी नसतंच किंवा अगदी थोडं असतं, त्यामुळे एनकेटी पेशी त्यांना समोरून मारतात असं समजणं चूक. त्यांचा बराचसा परिणाम असा इतरांना उठवून होतो, किंवा गाठीला पोसणाऱ्या सीडी१डीधारी मॅक्रोफेजना गाठून.

थेट मारण्याची चाचणी लावायचीच असेल तर सीडी१डी घातलेल्या सी१आर पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या लक्ष्यपेशी) घ्या. अर्ध्या पेशींवर रात्रभर अल्फा-गॅलसर, १०० नॅनोग्रॅम; अर्ध्यांवर डीएमएसओ. धुऊन, सीएफएसई या रंगाने रंगवून एनकेटी पेशींसोबत १:१, ५:१, १०:१ (एनकेटी : लक्ष्य), चार तास, शेवटी ७-एएडी, मेलेल्या पेशी दाखवणारा रंग. विशिष्ट मृत्यू म्हणजे प्रयोगातला आकडा वजा आपोआप मेलेल्या, भागिले कमाल वजा आपोआप मेलेल्या, गुणिले शंभर. आपोआप मेलेल्या २० टक्क्यांच्या वर गेल्या तर ती प्लेट बाद, गणित करूच नका.

रेणू चढवलेल्या आणि न चढवलेल्या लक्ष्यपेशींतलं अंतर हा खरा निकाल. १०:१ ला दोन्हीकडे मृत्यू सारखाच वाढत असेल तर कल्चरमध्ये एनके पेशी शिरलेल्या आहेत. सीडी५६ ही एनके पेशींची खूण वापरून त्या काढायला जाऊ नका, कारण वाढलेल्या एनकेटी पेशींपैकी काहींवरही सीडी५६ असतं आणि त्याही जातात. ६बी११ आणि चुंबकी मणी वापरून आपल्या पेशीच वेचायच्या. वेचल्यावर त्यांना आयएल-२ मध्ये किमान एक रात्र, शक्यतो दोन दिवस विश्रांती द्यायची, मगच चाचणी. ६बी११ त्याच रिसेप्टरला धरून बसतं ज्याने पेशी लक्ष्य ओळखते, त्यामुळे वेचलेल्या दिवशीच लावलेल्या चाचणीचा आकडा पेशीचा नसतो, अँटिबॉडीचा असतो.